स्विव्हल

खुर्ची धुतली. माझ्या डोळ्यांदेखत. बादलीवर बादली. एवढं पाणी ओतलं की मार्कंडेय नदी कारखान्यांच्या उद्यमबागेतून वाहायला लागली आणि आमची अख्खी फौंड्री तरंगत सांबऱ्यापर्यंत गेली. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. धुतली, एवढं खरं.

आणीबाणी उठली ते साल. मी फौंड्रीत साच्यांची वाळू ओढायचो. धाकट्या मालकांनी पुण्याहून खुर्ची मागवली. आली ती सुट्या भागांत, खोक्यातून. तेव्हा फिटरची एक जागा मोकळी होती. फोरमन आप्पा म्हणाले, खुर्ची नीट जोडलीस तर जागा तुझी, मालकांचा शब्द आहे. आम्हा बौद्धांतला एकही माणूस त्या कारखान्यात फिटर नव्हता. सगळे वाळूत. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

खोक्यावर इंग्रजी शब्द होता. आप्पांनी वाचला, स्विव्हल. म्हणजे काय, विचारलं.

"खालचं जाग्यावर ऱ्हातंय, वरचं फिरतंय. आपल्या क्रेनच्या हुकाला बी त्योच शब्द. वझं फिरलं तरी साखळीला पीळ पडत न्हाय."

जोडली. ग्रीस भरलं. आता फिटर खात्याची रीत अशी, की केलेल्या वस्तूवर आधी स्वतःचं वजन टाकायचं, मगच दुसऱ्याच्या हाती द्यायची. शिडी केली तर चढायचं, हूक बसवला तर लोंबायचं. म्हणून बसलो. पायानं रेटा दिला. पहिल्या गिरकीत चिकोडी दिसली. दुसरीत निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणारी आई. तिसरीत दारात उभे धाकटे मालक.

ते माझ्याशी बोललेच नाहीत. शिपायाला म्हणाले, "धुऊन घे. मग बसतो."

आप्पांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "बसलो ही चूक झाली, एवढंच म्हण रं. उद्यापासनं फिटर हाईस."

आत गेलो. मालक ओल्या सीटवर टॉवेल टाकून बसले होते.

"न बसता दिली असती, तर चूक झाली असती," मी म्हणालो.

ते खुर्चीसकट खिडकीकडं फिरले. कुरकुर नाही, झटका नाही. जोडणीच तशी होती. मला दिसली ती पाठ. जागा दुसऱ्याला गेली. मी वाळूत परतलो तेव्हा आमच्याच लोकांची फावडी क्षणभरही थांबली नाहीत. घरं सगळ्यांनाच चालवायची होती. रविवारी निपाणीला गेलो तर आई म्हणाली, "बसायला कशाला गेलतास?" त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही, मीही नाही.

आता ऐंशीचं दशकही निम्मं सरलं. छातीत एवढी वाळू साठलीय, की एकदा जोरात खोकलो तर एक साचा भरेल. आप्पा थकलेत. फिटरची जागा पुन्हा मोकळी झालीय. ते म्हणतात, वेळ गेली नाही, मालकांकडं जाऊन तेवढं बोल.

ती जागा मला हवीय. तेव्हा हवी होती, तेवढीच आजही हवीय.

माफी मागणार नाही.