कॉमर्सच्या मुलीसाठी उघडलेली बॉटनी लॅब

कॉमर्सच्या मुलीला बॉटनीची लॅब उघडून देणारा माणूस काल गेला.

पास्कल काका. आमच्या वसईच्या कॉलेजात लॅब असिस्टंट होते.

थर्ड इयरला ‘उद्योजकता’ नावाचा पेपर होता. उद्योजकाचे सगळे गुण मला तोंडपाठ.
आणि घरी येऊन अभ्यास करायचे बँकेच्या परीक्षेचा!

एकदा डब्यात आईने केलेली सुकेळी नेली. निर्मळच्या आमच्या वाडीतली केळी, सोलून उन्हात वाळवलेली.
कॅन्टीनमध्ये शेजारी बसलेल्या काकांनी एक खाल्लं.

"किती दिवस टिकतात गं?"
"आभाळ आलं की बुरशी धरतात. मग टाकून देतो."
"बुरशी का धरते?"

मला माहीत नव्हतं.

"मग बघू या ना!"

दुसऱ्या दिवशी मी बुरशी धरलेलं एक सुकेळं नेलं, त्यांनी ती बुरशी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली ठेवली. मी डोळा लावला आणि मला तिथून हलवेना. ही वाढते कशी, थांबते कशाने, माझे प्रश्न संपेनात.

मग दर शनिवारी दुपारी, झाडांची पानं वाळवायच्या ओव्हनमध्ये आमची केळी. ट्रे घरचा आणायचा, ही त्यांची अट.

पहिली खेप चपलेच्या तळासारखी कडक. मला रडू आलं.
काका शांतपणे चावून बघत होते.
"टेम्परेचर जास्त झालं. एवढं तर कळलं!"

तिसऱ्या शनिवारी ऑफिसातून निरोप आला. कॉमर्सच्या मुलांना लॅबमध्ये परवानगी नाही.

काका मला घेऊन थेट प्रिन्सिपल मॅडमकडे.
"मॅडम, शनिवारी ओव्हन बंदच असतो. मशीन बंद राहून खराब होतं, मुलगी शिकून नाही."

मॅडम हसल्या नाहीत. पण सही केली.

सातव्या खेपेची सुकेळी दोन महिने टिकली.
बँकेचा फॉर्म मी भरलाच नाही.

आज वाडीत शेड आहे, ड्रायर आहे, गावातल्या पाच बायका सोबत काम करतात.

पण एक प्रश्न अजून पडतो. वर्गात माझ्याहून हुशार कितीतरी जणी होत्या. तोच पेपर, त्याच नोट्स. जेनिफर तर काय सुंदर फ्रॉक शिवायची! कॉलेजात एखादी शिलाई मशीन असती, तर आज ती कुठे असती?


गेल्या महिन्यात काकांना भेटायला गेले. अंथरुणाला खिळले होते. विचारलं, "मी धंदा करेन हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं कुठे? तू पुढे काय विचारतेस, ते ऐकायचं होतं मला."

आज चार वाजता चर्चमध्ये काकांच्या अंत्यविधीची मिस्सा आहे. कॉलेजातल्या ज्यांना जमेल त्यांनी या.

काका, प्रभूच्या घरी सुखाने राहा.