मासा न पाहणारी माणसं

किस्से माणसांच्या गर्दीत जन्मतात असा एक समज आहे. साफ खोटा! आमच्या कामात तर माणूसच नसतो. भोर-वेल्ह्याच्या ओढ्यांवर मी एकटा, पुण्याच्या प्रयोगशाळेत मॅडम एकट्या, आणि जीप चालवायला भोरचे सलीमभाई. सांगायला कुणी नसलं की घडलेली गोष्ट आतच साठत जाते. मग कुणी तावडीत सापडलं की मी सोडत नाही. आज तुम्ही सापडलात.

काम असं. महासीर नावाचा मासा आमच्या नद्यांतून संपत चाललाय. तो पकडायचा नाही, बघायचाही नाही. मासा पाण्यात अंगाचे बारीक कण सोडतो, त्या कणांत त्याचा डीएनए असतो. मी बाटलीत पाणी भरायचं, फिल्टरमधून गाळायचं आणि तो फिल्टर बर्फात घालून पुण्याला पाठवायचा. मॅडम मशीनवर लावून सांगणार, या पाण्यात कोण कोण राहतं. तीन वर्षं हे केलं. महासीर एकदाही डोळ्यांनी पाहिला नाही. मॅडमनाही फोनवरच ओळखतो.

*

उत्रोलीला भाताच्या खाचराशेजारी ओढ्यात बसलो होतो. एक आजोबा बांधावर उकिडवे बसून तासभर बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

“काय पकडताय?”

“काही नाही. पाण्यात मासा आहे का ते बघतोय.”

“मंग पाण्यात बगा की! बाटलीत काय बगताय?”

मी सगळं समजावून सांगितलं. कण, डीएनए, मशीन. त्यांनी तंबाखू मळत मळत शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी मासा न बगता मासा हाय म्हून सांगनार?”

“हो.”

“आमच्यात त्याला फेकाफेकी म्हनत्यात!”

असं म्हणून ते उठून गेले. खरं सांगतो, वाईट वाटलं. तासभर का होईना, सोबत होती.

*

एकदा गुंजवणी नदीच्या नमुन्यात चक्क बोंबील निघाला! मॅडमचा फोन आला, “वेल्ह्यात समुद्र कधी आला हो?”

मी डोकं खाजवलं. मग आठवलं. सलीमभाईंनी जेवण झाल्यावर डबा नदीत धुतला होता आणि मी त्यांच्या खालच्या अंगाला बाटली भरली होती. सलीमभाईंना सांगितलं तर ते आधी हसले आणि मग एकदम गंभीर झाले. “डबा धुतला तरी कळतं? मंग ही मशीन लई डेंजर हाय, सर!”

त्यांनी ही गंमत घरी जाऊन सांगितली. ती त्यांची चूक. दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या बायकोचा फोन. “भाऊ, डॉक्टरनी ह्यांचं मटण बंद केलंय. बाहेर खात्यात का, तेवढं नदीत बघून सांगता का?”

मी म्हणालो, “भाभी, आमचं मशीन फक्त मासे ओळखतं.”

मग, “मटणाचं कवा येनार?”

*

जीप बंद पडली की फिल्टर एसटीनं पाठवायचे किंवा स्वतः नेऊन प्रयोगशाळेच्या फाटकावर द्यायचे. असाच एकदा थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन किकवीला एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, “मासळी आत चालायची न्हाई.”

“मासळी नाही हो.”

“मंग बरफ कशाला? उघडा!”

उघडला. बर्फाच्या पिशव्या आणि मधोमध प्लॅस्टिकच्या डबीत फिल्टरचे रुपयाएवढे तीन गोल कागद. अर्धी एसटी माना उंचावून बघत होती. कंडक्टरनं एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. आवाज एकदम मऊ झाला त्याचा.

“असू दे, असू दे. बसा तुमी खिडकीपाशी. घरी कोण असतं का तुमच्या?”

कुणी नसतं. पण ते काय त्याला सांगणार!

*

माशांच्या यादीत नको असताना माणसाचाही डीएनए येतो. पाणी भरणाऱ्याच्या हातातून, श्वासातून. त्यामुळे आमच्या जवळजवळ प्रत्येक यादीत वरच माणूस असायचा. तो मीच. एका ओढ्याचा रिपोर्ट तर असा आला की मॅडमना हसू आवरेना.

“अहो, यात काहीच नाही. महासीर नाही, मळ्या नाही, एकही मासा नाही. तिथं फक्त तुम्हीच होतात!”

मीही हसलो. फोन ठेवला. मग भोरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत बराच वेळ नुसता बसून राहिलो. मशीनला जे कळलं ते कुणी असं तोंडावर सांगत नाही.

*

आता शेवटचा.

वेल्ह्यातल्या पाली गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. घरं अकरा, दहांना कुलूप. अकराव्यात हौसाबाई. वाडीखाली एक डोह आहे आणि त्यातले महासीर देवीचे, म्हणून तिथं कुणी गळ टाकत नाही. उलट रोज एका घरानं भात टाकायचा अशी पाळी असायची. घरं बंद होत गेली तशा सगळ्या पाळ्या हौसाबाईकडं आल्या. दोन वर्षांपासून त्यांना नीट दिसत नव्हतं. भात टाकायच्या, पण तो खायला कुणी वर येतं की नाही ते कळायचं नाही.

मुलगा किकवीला गॅरेजमध्ये. त्याचं म्हणणं, आई, चल माझ्याकडं. तिचं म्हणणं, माशांना भात कोण घालणार? तो म्हणायचा, मासे संपले कधीच. शेवटी दोघांचं ठरलं. माझा रिपोर्ट येईल तो खरा. मासे असले तर ती राहणार, नसले तर जाणार.

मुलानं गुपचूप फोन केला. “साहेब, न्हाई म्हणूनच येऊ द्या. एकटी पडली, मोडली, तर कळंल कुणाला?”

त्याचं काय चुकत होतं?

हिवाळ्यात शेवटची फेरी केली. आमच्या चार बाटल्या असतात. तीनमध्ये डोहाचं पाणी. चौथी पुण्याहूनच शुद्ध पाण्यानं भरून येते. तिथं उघडून तीही गाळायची. त्या शुद्ध पाण्यात मासा निघाला तर हात नाहीतर सामान खराब, आणि मग सगळेच नमुने बाद. मी वरच्या काठाला, जिथं पाय टेकतो तिथं, तीन बाटल्या भरल्या. चारी बाटल्या काठावर बसलेल्या हौसाबाईंपाशी ठेवून पाण्याचं तापमान घ्यायला गेलो. आल्यावर चारी गाळल्या.

महिन्याभरानं मॅडमचा फोन. आवाज चढलेला. “तिन्ही बाटल्यांत महासीर नाही. आणि चौथीत भरपूर! हात धुतले होते का तुम्ही? सगळं रद्द करावं लागलं. प्रोजेक्टचा हा शेवटचा सेट होता!”

वाडीवर गेलो तर दारात मुलाचा टेम्पो उभा. न्हाई म्हणूनच येणार अशी त्याची खात्रीच होती. गाठोडी चढलेली. हौसाबाई ओट्यावर बसलेल्या.

“मावशी,” मी विचारलं, “माझ्या बाटल्यांना कुणी हात लावला होता का?”

“म्या लावला की! तीन ताज्या पान्यानं गार लागत व्हत्या. एक तेवढी कोमट, शिळ्या पान्याची ऱ्हायली व्हती. इसरला असशील म्हून ती वतून दिली अन् भात टाकते तिथलं भरलं.”

भात टाकायची जागा खालच्या कड्याशी, शेवाळात. मी तीन वर्षांत तिथं एकदाही उतरलो नव्हतो.

मुलगा पुढं आला. “साहेब, रिपोर्ट काय?”

“रद्द.”

“रद्द म्हंजी?” हौसाबाईंनी विचारलं. “हायत का न्हाईत?”

“आहेत.”

“किती?”

“ते कळत नाही, मावशी. एकच असला तरी असंच दिसतं.”

त्या ओट्यावरून उठल्या. मग म्हणाल्या, “एकलाच असंल तर मंग जाताच येत न्हाई.”

मुलगा रडायच्या घाईला आला होता. “आई, अगं तुला काय झालं तर बघंल कोण?”

“हा येतो की दर म्हैन्याला पानी न्यायला!”

प्रोजेक्ट संपला होता. जीपही महिनाअखेर परत जायची होती. हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आता सांगायला तोंड उघडलं.

सलीमभाई जीपची काच पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “येतो म्हंजी काय, मावशी! पहिल्या मंगळवारी. म्याच आनतो सरांना.”

हौसाबाई मुलाकडं वळल्या. “ऐकलंस? आता टेम्पोतनं पातेलं उतरव. भात टाकायचा ऱ्हायलाय.”