आधी डंख बसलेली बाई

ज्याला एकदा गांधीलमाशी डसली, त्याला पुढच्या डंखाचं काही होत नाही, असं तुम्हालाही कुणी सांगितलंय का?

परवा प्रताप नगरात मेंदीचं कुंपण छाटणं चालू होतं. कापलेल्या पानांच्या कडवट वासानं मला मिहानजवळचा एक रस्ता आठवला. कॉलेजच्या सुट्टीत मी मावशीसोबत तिथे रोजंदारीवर झुडपं छाटायला जायचे. एका झुडपात गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं आणि सगळ्या बायका मावशीकडे वळल्या.

"तुले तं मागच्या साली डसली होती ना वं? जहर पचलं असन. तूच जाय पुढं!"

"हो, मी तं सोयरीच झाली तिची," म्हणत मावशी हसत पुढे गेली.

मानेवर एकच डंख बसला. कुणीतरी त्यावर विळ्याचं लोखंड घासू लागलं. थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, श्वास अडकू लागला. मुकादम ओरडला, "काम काहून थांबवलं?" आम्ही ऑटो थांबवून तिला दवाखान्यात नेलं. मावशी वाचली. डॉक्टर म्हणाले, पहिल्या डंखानं अंगात ॲलर्जी तयार झाली, त्यामुळेच दुसरा इतका भारी पडला.

तेव्हा तिचं हसणं मला धीराचं वाटलं होतं. आज एवढंच दिसतं, की साधे हातमोजेही न देणाऱ्या कामावर कुणीतरी पुढे जायचंच होतं, आणि त्यासाठी एक समजूत तयार होती.

तुमच्या दारात छाटणी असेल, तर माणसं बोलावण्याआधी पोळं हटवून घ्या. आणि डंखानंतर कुणाचा श्वास अडकला, तर घासत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.