शिक्का मारलेली यादी

आमच्या घराच्या भिंतीवर देवांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा चळवळीचे कार्यकर्ते. तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यापाड्यांवर ते पत्रकं वाटत फिरायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायचे. ‘जाहीर आवाहन’ मला शाळेत जाण्याआधीच वाचता येत होतं. बंदूक आमच्या बोलण्यात यायची ती नेहमी समोरच्याच्या हातात असलेली.

अशा घरात २०१४ साली मी पिस्तूल आणलं.

कॉलेजच्या सुट्टीत डहाणूच्या एका वाडीत चिकू निवडायला जायचे. वाडीचे म्हातारे मालक ती विकून मुलाकडे निघाले होते आणि शेडमधलं सामान काढत होते. करवती, दोर, फुटके कंदील, आणि त्यात गंजलेलं एक एअर पिस्तूल. नळी खाली मोडायची, आतली स्प्रिंग दाबली जाते, मागून छर्रा घालायचा, नळी बंद करायची. बस्स. बारूद नाही, धूर नाही, नुसत्या हवेचा धक्का.

“चिकू खाणाऱ्या वाघळांना घाबरवायला घेतलेलं,” मालक म्हणाले. “मरायची सोड, एक घाबरलं पण नाही. तुला कशाला पाहिजे, बेटा?”

“नेम धरायला.”

“कोणावर?”

“कागदावर.”

ते हसले आणि आठवड्याच्या मजुरीत पिस्तूल देऊन टाकलं. कॉलेजच्या शिबिरात मी एकदाच नेमबाजी केली होती. दहापैकी सात छर्रे काळ्या वर्तुळात बसल्यावर जे वाटलं होतं, ते भाषणाला टाळ्या पडल्यावरही कधी वाटलं नव्हतं.

घरी बाबांनी पिस्तुलाला हात लावला नाही. “वाडीवाल्याचा माल घरात?”

“मजुरीत घेतलाय. आता मजुराचा.”

“परवाना?”

“हवेच्या पिस्तुलाला लागत नाही.”

“कुठे लिहिलंय?”

आमच्या घरात या प्रश्नापुढे अपील नसतं. मी डहाणूला एका वकिलाच्या ऑफिसात बसून नियम हातानं उतरवून आणला: ठरावीक मापाच्या नळीचं आणि ठरावीक ताकदीच्या आतलं असेल तर परवाना नको. बाबांनी तो दोनदा वाचला. तिसरी अट मी स्वतः खाली लिहिली: पाखरावर, जनावरावर, माणसावर कधीही नेम धरायचा नाही. ती आजवर मोडलेली नाही.

एकावरच थांबले असते, पण पिस्तुलाची मूठ माझ्या हातात बसेना. ती कुणा रुंद पंजाच्या माणसासाठी घडवलेली होती. सगळ्याच अशा असतात का, हे बघायला दुसरं शोधलं. जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावणाऱ्या एका बाईंकडे मिळालं, मोडकं. त्याची मूठ अरुंद होती आणि नेम धरायची पुढची माशी झिजून गेलेली. तिसरं तलासरीच्या भंगारवाल्याकडे तराजूत पडलेलं दिसलं. चौथ्यापर्यंत मला कळून चुकलं होतं की हा शोध मुठीचा राहिलेला नाही. कुणी काय विचार करून ही वस्तू घडवली, ती कुणाकुणाच्या हातातून फिरत आपल्याकडे आली, हे मला जाणून घ्यायचं होतं. चपलेच्या चामड्याचे वॉशर कापायला शिकले. स्प्रिंगसाठी हद्दीपलीकडे गुजरातेत उंबरगावला जायचे. तिथले कारागीर काका पिस्तूल उलटंसुलटं करून म्हणायचे, “बेन, आ तो म्युझियम मां मूकवानी चीज छे.” मी म्हणायचे, “काका, ठेवायला आमच्या तालुक्यात म्युझियम कुठाय?”

हा प्रश्न मलाच चावला. २०१८ पर्यंत सात पिस्तुलं झाली होती, ती पत्र्याच्या पेटीत. लोकांना न दाखवता जपलेली वस्तू म्हणजे साठेबाजी, असं मी दहावीत भाषणात बोलले होते. मग पाड्याच्या समाजमंदिरात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. आमच्याकडे काहीही करायचं म्हणजे आधी पत्रक. ते मी एका बैठकीत लिहिलं, कारण मला लिहिण्याची एकच रीत येत होती:

जाहीर आवाहन! तलासरी-डहाणूच्या जनतेसाठी भव्य शस्त्र प्रदर्शन! रविवार सकाळी दहा! हजारोंच्या संख्येने सामील व्हा!

लाल शाईत पाचशे प्रती छापल्या. आठवडी बाजारात मी स्वतः वाटल्या. पिस्तुलं हवेची आहेत, जुनी आहेत, ती बघायला आणि कागदावर नेम धरून पाहायला या, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. पत्रकात तपशील घालायची आमच्याकडे पद्धतच नाही.

दुसऱ्या दिवशी दोन पोलीस आले. सभ्यपणे बोलले, आईच्या हातचा चहा प्यायले आणि सातही पिस्तुलं, उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा, सगळं गोणीत भरून घेऊन गेले. चार वर्षं हातानं घासलेलं, तेल दिलेलं सगळं एका गोणीत. ती जीपमध्ये टाकताना आतलं लोखंड एकमेकांवर आपटलं, तेव्हा माझा धीर सुटला.

बाबांनी पत्रक वाचलं. “हे वाचून मीच पोलिसांना बोलावलं असतं,” ते म्हणाले. “मी दोनदा आत गेलो, पण पत्रक नीट लिहून गेलो.” मग चपला घातल्या. “चल.”

ठाण्यातले साहेब चिडलेले नव्हते. मी उतरवलेला नियम त्यांच्यापुढे ठेवला.

“नियम मलाही माहीत आहे, ताई. पण यांची ताकद मर्यादेच्या आत आहे, हे कशावरून? तुम्ही स्प्रिंगा बदलल्यात म्हणता. तपासायला पाठवावं लागेल. परत कधी येतील, सांगता येत नाही.”

आली तरी गंजून येतील, हे मला दिसत होतं. “इथेच तपासा,” मी म्हटलं. “तुमच्यासमोर.”

“कशावर?”

मी गोणीतून पत्रकांचा गठ्ठा काढला.

ठाण्यामागच्या आवारात भिंतीला टेकवून गठ्ठा उभा केला. सगळ्यात जोरकस पिस्तूल मी निवडलं, कारण फसवून जिंकायचं नव्हतं. नळी मोडली, छर्रा घातला, श्वास अर्धा सोडून थांबले. फट्. साहेबांनी गठ्ठा उचलला आणि एकेक पान उलटत मोजू लागले. छत्तिसाव्या पानावर छर्रा चपटा होऊन बसला होता. सदतिसाव्यावरचं ‘जाहीर आवाहन’ शाबूत.

“एवढंच?” एक हवालदार म्हणाला.

“एवढंच,” मी म्हटलं. उरलेली सहाही उडवून दाखवली. एकाचाही छर्रा छत्तिसाच्या पुढे गेला नाही.

ताकद मर्यादेत आहे, हे साहेबांना पटलं. पत्रकाची चूक मात्र त्यांनी माझ्या पदरात घातली, आणि ती माझीच होती. पुन्हा छापताना नीट छापा, म्हणाले, आणि परत दिल्याची पावती करायला सांगितलं. कारकुनानं लिहिलं, ‘खेळण्यातील पिस्तुले, नग सात.’

मी सही करायला नकार दिला.

“आता काय?” कारकून वैतागले.

“खेळणी नाहीत. आणि नग नाहीत. प्रत्येकाची वेगळी ओळ करा.”

बाबा खाली बघून हसले. “लिहा हो,” ते म्हणाले, “नाहीतर ही न जेवता इथेच बसून राहील.”

मग मी सांगत गेले आणि त्यांनी लिहिलं. एक: मोडत्या नळीचे, वाघळांसाठी घेतलेले, डहाणू. दोन: जत्रेतले, माशी झिजलेली. तीन: भंगारातून वाचलेले. पाचव्या ओळीपर्यंत कारकुनांनाच गोडी लागली. “ह्याची मूठ कशाची, ताई? सागाची की शिसवीची?” ते पेन थांबवून विचारू लागले. सातव्या ओळीखाली सही झाली आणि गोल शिक्का बसला. चार वर्षांत माझ्या संग्रहाची यादी मी कधी केली नव्हती. ती सरकारनं करून दिली.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी प्रदर्शन झालं. नव्या पत्रकात पहिलाच शब्द ‘हवेची’ होता. हजारो आले नाहीत. पण समाजमंदिराबाहेर रांग लागली. वरोरच्या मासळीवाल्या बायका टोपल्या बाहेर ठेवून आत आल्या, कागदावर नेम धरला आणि एकमेकींना चिडवत हसल्या. दारावर ती यादी चिकटवली होती. लोक आधी ती वाचायचे, मग आत येऊन विचारायचे, “तीन नंबर कुठलं गो?”

दुपारी झाईहून एक आजोबा आले, हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. ते फडकं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “आमच्या माळ्यावर पडून होतं. इथं यादी आहे, म्हणून आणलं.”

फडक्यात काळंभोर, आखूड नळीचं पिस्तूल होतं. मूठ हातात घेतली आणि बोटं आपोआप जागेवर बसली. मी दारापाशी गेले, खिशातलं पेन काढलं आणि शिक्क्याच्या खाली लिहिलं: आठ.