चौथीची सुट्टी

तंजावूरच्या एका कॉलेजात मी संशोधन करत होते आणि माझं काम होतं उंदरांना आजारी पाडण्याचं. आठवड्यातून दोनदा तेलात मिसळलेलं विषारी द्रावण टोचायचं. काही आठवड्यांत त्यांच्या यकृतावर माणसासारखेच व्रण धरतात आणि यकृत निबर होतं. मग त्यावर औषधं तपासायची. शेजारच्या टेबलावर मूत्रपिंडाचंही हेच चाललेलं.

अप्पांचं यकृतही निबर होत चाललं होतं, पण त्यांना कुणी टोचत नव्हतं. कचेरीतून येताना ते रोज घराच्या एक स्टॉप आधी उतरत आणि पिऊन चालत घरी येत. डॉक्टरांनी बंद करा म्हटलं की उत्तर ठरलेलं: धरलेला व्रण कुठे जातो, मग सोडून काय मिळणार? विषय माझा, बाप माझा, आणि मला उत्तर देता येत नव्हतं. पुस्तकंही बहुतेक त्यांचीच बाजू घेत. मला अप्पांचा राग यायचा, पुस्तकांचा त्याहून जास्त.

चौथ आली. आमच्याकडे गणपती दहा दिवस. माझ्या कामाबद्दल वर्षभर चकार शब्द न काढलेली अम्मा त्या सकाळी म्हणाली, "देव घरांत असेपर्यंत त्याच्या उंदरास सुई लावूं नकोस."

तिचा शब्द मोडवेना, प्रयोगही मोडवेना. मार्गदर्शक बाई परगावी गेल्या होत्या. मी दोन पिंजऱ्यांपैकी एकाला दहा दिवस सुट्टी दिली आणि दुसऱ्याला टोचत राहिले. म्हणजे अम्माला आणि प्रयोगाला, दोघांनाही अर्धंच फसवलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी उंदीर मारून यकृतं काढायची हे आधीच ठरलं होतं. बाई परतल्या, त्यांनी वही पाहिली. मी खरं तेच लिहिलं होतं. कित्येक आठवड्यांचं काम गणपतीबरोबर बुडवून आलीस, असं त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. चूक माझीच होती, मी ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, आता दोन्ही पिंजरे वेगळे ठेवून तपास तरी.

आयात खुली झाल्यावर आलेल्या नव्या सूक्ष्मदर्शकाखाली मी काचपट्ट्या ठेवल्या. रंग दिल्यावर व्रण निळे दिसतात. टोचत राहिलेल्या पिंजऱ्यात जाड निळे दोर होते. सुट्टीच्या पिंजऱ्यात ते बारीक झाले होते, कुठे कुठे तुटलेही होते. मी धावत जाऊन बाईंना बोलावलं. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि मला जमिनीवर आणलं: एकच पिंजरा, दहाच दिवस, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. नीट आखून पुन्हा कर.

मी दुसऱ्या दिवशी अप्पांनाच प्रयोगशाळेत नेलं आणि निळं म्हणजे व्रण, एवढं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून एक पट्टी पाहिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"काय औषध दिलेंस ह्यांस?"

"काही नाही, अप्पा. टोचायचं थांबवलं, तेवढंच."

बाई जे म्हणाल्या होत्या तेही सांगितलं. मला अप्पांना खोटी आशा द्यायची नव्हती. ते 'सरी', म्हणजे बरं, एवढंच म्हणाले.

टाउन बसने परतलो. त्यांच्या नेहमीच्या स्टॉपवर बस थांबली तेव्हा मला बघवेना, मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बस सुटली. अप्पा माझ्या शेजारीच बसले होते.

"दहा दिवस," ते म्हणाले. "आधी मीही दहा दिवस बघतों."