केर कधी काढू?

मैत्रिणींनो, आज सकाळी लेक आणि जावई दोन चिमुरड्यांना घेऊन हर्सूलच्या आमच्या घरून देशभर फिरायला निघाले. जीपच्या मागं ट्रेलर, त्यातच पलंग आणि शेगडी. धाकटी तर नुकती चालायला लागलीय!

घरचं माणूस प्रवासाला निघालं की पोहोचल्याचा फोन येईपर्यंत आमच्यात केर काढत नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तरी आईची ही रीत मी सोडली नाही.

दुपारी न राहवून मीच फोन केला. "पोहोचलात का गं?"

लेक हसली. "अगं आई, पोहोचायचं कुठं? घर तर मागंच येतंय. महिनाभर असंच!"

धाकटीनं सांडलेले चुरमुरे अजून फरशीवर आहेत. झाडू हातात घेते, परत ठेवते. खरं सांगू, त्यांना कचरा म्हणवतच नाही.

तुम्ही काढला असता?