जेवल्यावर सांगायची गोष्ट

आमच्या घाटकोपरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये कोणाचं गावाकडे काही बरंवाईट झालं, की ती बातमी आधी आमच्या घरी यायची. वडील टेलिफोन खात्यात लाइनमन, त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन फक्त आमच्याकडे होता. काळा, जड, दाराजवळच्या स्टुलावर ठेवलेला, वर आईने विणलेला रुमाल. ट्रंक कॉल आला की वडील सगळं ऐकून घ्यायचे, रिसीव्हर ठेवायचे, अंगात शर्ट चढवायचे आणि आईला एवढंच म्हणायचे, "जरा वरच्या मजल्यावर जाऊन येतो."

बातमी सांगायची त्यांची एक पद्धत होती. दारात उभं राहून पहिला प्रश्न, "जेवलात का?" समोरचा नाही म्हणाला तर, "जेवून घ्या, मग बोलू," असं म्हणून तिथेच बसून राहायचे. एकदा बातमी कळली की घरातली चूल बंद, आणि रात्रभर एसटीत बसून कोकणात उतरायचं तर पोटात काहीतरी हवं, हा त्यांचा हिशेब. जेवण झालं की "तब्येत जरा जास्त आहे", मग "निघावं लागेल", आणि माणूस चपला घालत असताना शेवटचं काय ते. अर्थात लोक काही खुळे नव्हते. पुढे पुढे असं झालं, की वडिलांनी जिन्यात कोणाला अगदी सहज "जेवलात का?" विचारलं तरी त्याचा चेहरा उतरायचा. एक काकू तर भर दुपारी रडायलाच लागल्या. वडील त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते.

वडील गेले, बिल्डिंग पडली, तिच्या जागी टॉवर आला. आई आता त्यातच चौदाव्या मजल्यावर एकटी राहते. मी अंधेरीला, नोकरीही अंधेरीतच, औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत. अठ्ठावन्नावं चालू आहे आणि मला कंटाळा आलाय, हे स्पष्टच सांगतो. दर महिन्याला पासवर्ड बदला, नवं शिका, जुनं विसरा. शिकण्याचा कंटाळा नाही, पुन्हा पुन्हा शिकण्याचा आहे.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मामेभावाचा गावाहून फोन आला. "बाबा गेले रे," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "आत्याक कोण सांगतला?"

आईचा हा एकुलता एक भाऊ. तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तिने कडेवर घेऊन वाढवलेला. मी म्हटलं, "मी सांगतो. जाऊन सांगतो. तोपर्यंत ग्रुपवर टाकू नकोस."

"टाकूचंय नाय."

मी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला, तोही मोबाईलवरच, आणि तो मंजूर होईपर्यंत झेरॉक्स मशीनजवळ उभा राहिलो. रडूबिडू काही आलं नाही. डोक्यात याद्या सुरू झाल्या. आईला आज न्यायचं की नाही, गाडी करायची तर कोणाची, तिच्या गोळ्या बरोबर घ्यायला हव्यात. मामाच्या मरणाचं त्या क्षणी मी एक काम करून टाकलं होतं.

अंधेरीहून मेट्रोत बसलो. साकी नाक्याच्या आसपास खिशात मोबाईल थरथरला. मग पुन्हा, मग थांबेचना. बाहेर काढून बघितलं तर नातेवाइकांच्या ग्रुपवर मामाचा फोटो, चारी बाजूंनी फुलांची चौकट, खाली 'दुःखद निधन'. भावाने शब्द पाळला होता. बोरिवलीच्या एका लांबच्या नातेवाइकाने कुठूनतरी ऐकून परस्पर टाकलं होतं, आणि फुलांच्या चौकटीसकट टाकलं म्हणजे निवांत बसून केलं असणार. खाली श्रद्धांजल्यांची रांग लागली होती.

आणि मग मला आईचा मोबाईल आठवला. आईच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालंय, तिला अक्षरं वाकडी दिसतात. म्हणून गेल्या दिवाळीत मीच तिच्या मोबाईलमध्ये मेसेज मोठ्याने वाचून दाखवायची सोय करून दिली होती. मोठ्या कौतुकाने केली होती. त्या आवाजाला आई 'ती बाई' म्हणते. "तुझी ती बाई सकाळपासून सुप्रभात सांगत्येय," ती म्हणायची, "एकाच बाईला किती लोकांनी कामाला लावायचं रे?" ती बाई सगळं वाचते, चित्रंसुद्धा. कोणी हात जोडले की म्हणते, "जोडलेले हात." तीनदा जोडले की तीनदा म्हणते.

मी आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मोबाईल खिशात ठेवला तर तो श्रद्धांजल्यांनी थरथरतोच आहे. शेवटी चिडून बंद करून टाकला आणि खिडकीबाहेर बघत बसलो. वडील कधी धावले नाहीत. दोन जिने सावकाश चढायचे, वाटेत कठड्याला टेकायचे, आणि तरी बातमीच्या पुढेच असायचे, कारण बातमीला त्यांच्याशिवाय पाय नव्हते. मी जमिनीच्या वरून गार डब्यात बसून चाललो होतो आणि बातमी माझ्या आधी पोहोचून, घरात बसून, हात जोडत होती. जग बदललं असं लोक म्हणतात तेव्हा मी नुसती मान डोलवायचो. त्या दिवशी मला ते कळलं, आणि कळून थकवाच आला.

टॉवरच्या गेटवर वॉचमनने आईची परवानगी घ्यायला त्याच्या मोबाईलवर माझं नाव टाकलं आणि म्हणाला, "काकी उत्तर देत नाहीत." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने सोडलं.

आईने लगेच दार उघडलं. तिचे केस ओले होते. ती पहाटे पाचला अंघोळ करते, आता बारा वाजायला आले होते. मयताची बातमी कानावर आली की आधी डोक्यावरून पाणी घ्यायचं, हे तिच्या अंगातच आहे. म्हणजे कळलं होतं. कोण कुठल्या त्या बाईने तिला सांगितलं होतं, घरात दुसरं कोणी नसताना.

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "फोन का बंद तुझा? केव्हाची लावत्येय. आणि आत्ता कसा आलास?"

"इकडेच काम होतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिला चेहरा कितपत दिसतो, देव जाणे. मग तिने विचारलं, "जेवलास काय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिला वाटत होतं, मला अजून कळलेलं नाही. फोन बंद, त्यामुळे ग्रुप बघितलेला नसणार. मामाचा लाडका भाचा कामानिमित्त इकडे आलाय आणि आपल्याला त्याला सांगायचंय.

"नाही," मी म्हटलं.

तिने ताट वाढलं. भात आणि कुळथाची पिठी, सकाळीच करून ठेवलेली. "तू?" मी विचारलं. "माझं झालं," ती म्हणाली. पातेल्यातल्या भाताला डावाचा पहिला घाव माझ्यासाठीच पडला होता, हे मला दिसत होतं. मी वाद घातला नाही. ती समोर बसून राहिली, हात मांडीवर, वडील बसायचे तशी. आतल्या खोलीत तिचा मोबाईल उशीखाली खुपसलेला असावा, कारण मधूनमधून दबका आवाज यायचा, "भावपूर्ण श्रद्धांजली. जोडलेले हात. जोडलेले हात." आईने तिकडे मान वळवली नाही, मीही नाही. मी जेवत होतो. इतकं जड जेवण मी आयुष्यात जेवलो नाही, आणि पानात काही टाकलं नाही.

मी हात धुऊन आलो. तिने टॉवेल दिला. म्हणाली, "मामाची तब्येत जरा जास्त होती."

"हो?"

"हं." मग एरवी घरात न बोलली जाणारी तिची गावची बोली तिच्या तोंडी आली. "तुझो मामा गेलो रे."

सकाळपासून मला हे माहीत होतं. भावाने सांगितलं होतं, फुलांच्या चौकटीने सांगितलं होतं. आता आईने सांगितलं आणि मी टॉवेलात तोंड खुपसून रडलो. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचा भाऊ गेला होता आणि ती माझं सांत्वन करत होती, आणि मी तिला ते करू दिलं.

जरा शांत झाल्यावर मी विचारलं, "कधी?"

मग तिने मला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच ऐकतोय असं मी ऐकलं.